आप्पांच्या फोटोंचा बंदोबस्त

शेजारच्या काकूंनी एका श्रावणात कपाटातून आपल्या लग्नाचा अल्बम काढला, तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याकडे चहा पीत बसले होते. आमची सांगलीतली गल्ली कृष्णेपासून जवळ, त्यामुळे पावसाळाभर भिंती ओल्या. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून बसली होती. काकांनी नेट लावून ती सोडवली, तर नवरदेवाची मिशी सुटून समोरच्या पानावरच्या सासूबाईंच्या ओठावर जाऊन बसली. काकू हसून हसून लोळल्या. आप्पा मात्र अर्धा चहा तसाच ठेवून घरी आले आणि पलंगाखालची ट्रंक ओढून बसले.

आप्पा फौजेतून सुभेदार होऊन परतले ते कॅमेरा गळ्यात घालूनच. त्यांचं गाव आटपाडी. तिथली लग्नं, जत्रा, बारशी, कुणाची नवी म्हैस, कुणाची नवी सून, काहीही सुटत नसे. ट्रंकेत पाकिटांवर पाकिटं कोंबलेली होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि त्या ट्रंकेला धक्का लागला तरी ओरडा खात होते.

"सगळी पलटण एकाच खंदकात!" आप्पा कपाळावर हात मारत म्हणाले. "एक बॉम्ब पडला की खलास. दुसरा सेट पायजे. दुसऱ्या जागी. आनि पक्क्या डब्यात."

डबा कोणता, यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी आप्पांची नजर आईच्या प्रेशर कुकरवर पडली. जाड भांडं, रबरी रिंग, घट्ट झाकण.

"आवं, मग भात कशात लावू?" आई म्हणाली.

"आधी ट्रायल तर होऊ दे."

ट्रायलसाठी एक फोटो लागणार होता. स्वतःचा द्यायला कुणीच तयार होईना. मग सर्वानुमते मामांचा निवडला. मामा विट्याचे, सोनं गाळायचं दुकान लांब दक्षिणेत, त्यामुळे वर्षातून एकदाच येणार. फोटोत त्यांनी एका पंगतीत अख्खा लाडू तोंडात घातला होता आणि डोळे मिटले होते. तो कुकरमध्ये ठेवला, शिट्टीच्या भोकात मेण भरलं आणि कुकर दगड बांधून अंगणातल्या पाण्याच्या पिंपात सोडला.

दुसऱ्या दिवशी काढला तर आत पाणी शिरलेलं. फोटो भिजून लिबलिबीत झाला होता. आप्पांनी तो चिमटा लावून दोरीवर, आपल्या पायमोज्यांच्या शेजारी वाळत घातला. आणि नेमके त्याच दुपारी मामा सुट्टीवर आले. अंगणातच थांबले.

"दाजी, ह्यो मीच न्हवं का?"

आप्पांनी आधी आपले पायमोजे दोरीवरून ओढून घेतले. मग म्हणाले, "पाव्हणं, घरात सगळ्यात जपायचा फोटो कुठला, तर तुमचा. म्हणून त्योच तपासला."

मामा एवढे खूश झाले की पिशवी ओट्यावर टाकून कामालाच लागले. कुकर उलटापालटा करून बघितला. "पान्याचं झालं. आगीचं काय? आमच्या धंद्यात आगीला लय मान हाय. आगीत टिकलं ते खरं."

"बरोबर," आप्पा म्हणाले.

"पर आता फोटो तुमचा. युनिफॉर्मातला."

आप्पांचा चेहरा पडला, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कडक इस्त्रीतला, पदकं लावलेला फोटो कुकरमध्ये गेला. तळाशी पिंपातलं थोडं पाणी राहिलंय हे कुणी पाहिलं नाही. मामांनी चूल पेटवली. आम्ही सगळे गोल करून उभे राहिलो. थोड्या वेळानं भोकातलं मेण वितळलं आणि कुकरनं खणखणीत शिट्टी दिली.

"उतरवा आता," आई म्हणाली. "शिजलं आसंल."

झाकण काढलं. फोटो पापडासारखा वळला होता, गाल फुगले होते, पदकं सदऱ्यात विरघळली होती. मामा वाकून बघत गंभीरपणे म्हणाले, "दाजी, तुमी जरा जास्तच शिजलाय."

आई आत पळाली. हसू लपवायला पदर पुरत नव्हता.

मग डब्यापेक्षा जागा महत्त्वाची असं ठरलं. साताऱ्याच्या मावशीचं नाव निघालं, पण तिच्याकडे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी चढते. उरली आटपाडीची आत्या. तिकडे इतकं कोरडं की बुरशीलाच पाणी मिळायचं नाही. आप्पांनी दुसरा सेट छापून घेतला, निगेटिव्हच्या पाकिटांसह दुधाच्या कॅनमध्ये भरला आणि आम्ही दोघं एसटीत बसलो. शेजारच्या बाईनं कॅनकडे बघत विचारलं, "भाऊ, लेकराला कपभर दूध देता का?"

"ह्यात दूध न्हाई," आप्पा म्हणाले, "मानसं हायत."

बाई लेकरू उचलून मागच्या सीटवर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा तपासणीला निघाले, मी सोबत. आत्यानं माळ्यावरून कॅन काढून दिला. आप्पांनी झाकण उघडलं. आत हुलगे.

"फोटो कुठं हायत?"

"वाटलं की," आत्या म्हणाली. "ज्याचा त्येला दिला. एवढी मानसं डब्यात कोंडून का ठेवायची, दादा? जीव घुसमटंल त्यांचा."

आप्पांनी हुलग्यांत कोपरापर्यंत हात घालून बघितला. "आनि निगेटिव्ह?"

"ती काळी भुतं व्हय? दात काळं, क्येस पांढरं. कुनीच घेईना. हायत तशीच, हळदीच्या डब्याशेजारी."

आप्पांनी पाकिटं उघडून एकेक पट्टी उजेडाला धरली. सगळी स्वच्छ, कोरडी. त्यांना हळदीचा वास तेवढा लागला होता. मग आत्या त्यांना हाताला धरून घरोघर घेऊन गेली. प्रत्येक भिंतीवर, देवाशेजारी, आरशाच्या चौकटीत आप्पांनी काढलेले फोटो. एका म्हाताऱ्यानं तर म्हशीचा फोटो काचेत मढवून दारावर लावला होता.

"सुभेदार, ही ग्येली औंदा," तो म्हणाला. "पर बगा, कशी ऐटीत हुबी हाय."

आप्पांनी रुमालानं म्हशीवरची काच पुसली. मग कॅमेरा काढला. म्हाताऱ्यानं पटकन फेटा बांधला, म्हातारीला चुलीपासून ओढून आणलं, शेजारपाजारही गोळा झाला. संध्याकाळपर्यंत रोल संपला आणि आप्पा मला म्हणाले, "पळ, स्टँडवर कुठं रोल मिळतोय का बघ."