वळचणीचे विळे

आमच्या हायस्कुलात पोरं विळे घेऊन यायची. देवळाली प्रवरेकडचा उसाचा मुलूख. हंगामात शाळा सुटली की निम्मी पोरं तशीच फडात जायची, गुरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला. सकाळी आल्याआल्या विळा पडवीच्या वळचणीला खोचायचा, संध्याकाळी काढून न्यायचा. चाळीस-पन्नास विळे तिथं दिवसभर असायचे आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट.

मी तिथं मास्तर होतो आणि माझ्या अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात एक मुलगा होता. वडील नव्हते. अभ्यासाला बरा, तोंडाला फटकळ. एकदा उशीर झाला म्हणून गणिताच्या मास्तरांनी त्याच्या कानाखाली वाजवली आणि वर आईवरून काहीतरी बोलले. पोरगं भर वर्गात म्हणालं, "आईवरून परत बोललात तर हितंच बघून घीन." दुसऱ्या दिवशी शिपायाला त्याच्या दप्तरात विळा सापडला. वळचणीला नाही, दप्तरात! झालं, शाळेत एकच गोंधळ.

हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. गणिताचे मास्तर सारखा घाम पुसत होते. खरंच घाबरले होते, खोटं कशाला सांगू? कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं गावच्या पुढाऱ्यांच्या कानावर घाला. शेवटी त्याच्या हातात दाखला द्यायचं ठरलं. मुलगा दाराबाहेर उभा होता. त्याला आत बोलावून, बाबा रे, विळा दप्तरात का, एवढं विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

मला विचारायची गरजच नव्हती. मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी त्याचा विळा वळचणीतून चोरीला गेला, तेव्हा तो माझ्याकडेच आला होता. मी 'बघू' म्हणून त्याला वाटेला लावलं. आणि त्या दिवशी सकाळी त्यानं मला सांगितलंही होतं, की हा शेजाऱ्याचा मागून आणलाय, हाही गेला तर भरून कुठून देऊ, दप्तरातच ठेवतो. मी हजेरी घेता घेता मान डोलावली होती. खोलीत हे एक वाक्य बोललो असतो तर त्याचं मॅट्रिकचं वर्ष वाचलं असतं. पण मी अजून कायम व्हायचा होतो. मूग गिळून बसलो.

अक्षर चांगलं म्हणून दाखलाही मीच लिहिला. 'वर्तणूक' या शब्दापुढं हेडमास्तरांनी सांगितलं ते लिहिलं, 'धोकादायक'. शेण खाल्लं मी.

दाखला न्यायला त्याची आई आली. तिला वाचता येत नव्हतं.

"गुरुजी, चांगलं लिवलंय न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

तो कागद पदराखाली धरून ती बाई राहुरीला गेली, तिथून आणखी एका शाळेत. दोन्हीकडे कागद वाचून परत दिला. दुसऱ्या ठिकाणच्या कारकुनानं तिला तो शब्द मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे.

मग आमच्या शाळेनं नियम काढला, विळे आणायचे नाहीत. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! लांबच्या वस्त्यांवरच्या पोरांनी घरी जाऊन विळा घेऊन पुन्हा फडात कधी यायचं? ती शाळेतच यायची थांबली. वळचण मोकळी झाली. तपासणीला आलेले साहेब आमच्या शिस्तीचं कौतुक करून गेले. गणिताचे मास्तर पुढंही मारत राहिले. त्याच्यावर नियम काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि मीही सुचवलं नाही.

पुढच्या हंगामात मी सायकलवरून चाललो होतो. रस्त्याकडेच्या फडात तो ऊस तोडताना दिसला. वर्षभरात चांगलाच रापला होता. मी उतरलो. माफी मागायची होती, पण शब्द जुळत नव्हते. मला बघून तो बांधाकडं निघाला, हातात कोयता तसाच. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं तो मी, एक पाऊल मागं सरकलो.

त्यानं ते पाहिलं. थांबला. कोयता लांब सरीत टाकला आणि रिकामे हात माझ्यापुढं धरले.

"भिऊ नका, गुरुजी," म्हणाला.