मेणाच्या डोक्यावरचं जावळ

केस एकेक करून लावायचे असतात. सुईचं नेढं वरून कापून टाकायचं, मग सुईला दोन बारीक दात उरतात, त्या दातांत एक केस धरायचा आणि मेणात टोचायचा. सुई जराशी गरम हवी. जास्त तापली तर भोक मोठं पडतं आणि केस हलत राहतो, गार असली तर मेणाला तडा जातो. आणि सरळ नाही टोचायचा, तिरका टोचायचा, कारण खऱ्या कपाळावर केस कधी उभा उगवत नाही. हे मला पोरगी झाल्यावर कळलं. त्याआधी मी उभेच टोचायचे आणि बेन ओरडायच्या.

बेन म्हणजे आमच्या मालकीण, गुजराती आहेत. गोरव्याच्या कारखान्यांच्या इस्टेटमध्ये त्यांची पत्र्याची शेड आहे, एका बाजूला वॉल्व बनवणारे, दुसऱ्या बाजूला पत्रा कापणारे, मधे आम्ही. सिनेमा-सिरियलला लागतात ते खोटे हात, खोट्या जखमा, खोटी माणसं आम्ही बनवतो. मी आठवी पास, नववीत शाळा सोडली. लग्न होऊन इकडे गुजरातेत, समाला राहायला आले तेव्हा सोसायटीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायचे. एकदा बेनची साडी माझ्याकडे आली, त्यांनी ती उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "टाका दिसतच नाही. माझ्याकडे ये कामाला." अशी गेले. बाळंतपणात सोडलं होतं, पोरगी नऊ महिन्यांची झाल्यावर परत गेले.

तेव्हा दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांच्या सिरियलचं काम चालू होतं. त्यांचं विमान म्हणजे इडलीची भांडी, जुने स्विचबोर्ड आणि पंपाचे तुकडे, सगळ्यावर चंदेरी रंग मारलेला. तारे म्हणजे काळ्या कापडाला सुईनं पाडलेली भोकं, मागे बल्ब. ते कापड मीच टोचलेलं. रंगाचं काम काका करायचे. ते आपले मराठीच, फतेगंजला राहतात, आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. मला म्हणायचे, "बघ सूनबाई, देवाला सात दिवस लागले म्हणतात, आपल्याला मंगळवारपर्यंत द्यायचंय."

पण एक होतं, गोष्ट काय आहे ते कुणाला सांगायचे नाहीत. मुंबईवाल्यांनी बेनकडून कागदावर सही घेतली होती की बाहेर काही फुटता कामा नये, म्हणून बेन आम्हाला फक्त चिठ्ठ्या द्यायच्या. ज्याचं जेवढं काम तेवढंच लिहिलेलं. माझ्या चिठ्ठीत होतं, बाळाचं डोकं, मेणाचं, केस विरळ, एकदम जवळून दिसणार. बस. पुढे त्या बाळाचं काय होणार ते नव्हतं. मी विचारलं पण नाही. मेणाचं का, रबराचं का नाही, हे सुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, आणि यायला पाहिजे होतं, अजून मला तेच वाटतं, यायला पाहिजे होतं.

मुंबईहून बारीक केस यायचे होते ते आलेच नाहीत. शेडमध्ये होते ते जाड. मी दोन दिवस बसून ते लावले, आणि बेननी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "आ शुं छे? नारळाची शेंडी लावलीस बाळाला?" सगळे हसले. काका पण हसले. मी हसले नाही, परत कामावर येऊन पंधरा दिवस झाले होते आणि मला वाटलं बेन म्हणणार की बाळंतीण झाल्यापासून हिचा हात गेला. बेन म्हणाल्या, "पुढचे सगळे काढ. कपाळावर तर बारीकच पाहिजेत. कुठून पण आण."

कुठून पण आण.

आमच्या पोरीचं जावळ नुकतंच काढलं होतं. माझ्या भावाच्या मांडीवर बसवून काढलं, आणि इथल्या रिवाजानं नणंदेनं पदर धरला, एक केस खाली पडू दिला नाही. सासूबाईंनी ते सगळे लाल फडक्यात बांधून देवघराच्या फळीवर ठेवले. विश्वामित्री नदीत सोडायचे नाहीत म्हणाल्या, त्या गटाराच्या पाण्यात मगरी आहेत, आपण चांदोदला नर्मदेत सोडू, ह्यांना सुट्टी मिळाली की. ह्यांची प्लांटमध्ये ड्युटी, सुट्टी काही मिळेना. आणि सासूबाईंनी मला दहा वेळा सांगितलं होतं, जावळ कुणाच्या हाताला लागू द्यायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही, विस्तवाजवळ तर न्यायचंच नाही. ते केस म्हणजे पोटातून आलेले, ते पोरीचेच, कापले तरी पोरीचेच.

मी एक चिमूट घेतली. आई, म्हणजे सासूबाई, पोरीला अंघोळ घालत होत्या, आतून पाण्याचा आवाज येत होता, तेवढ्यात. मला वाटलं एक चिमूट, ती पण शूटिंग झालं की चिमट्यानं परत काढून घेईन, गाठ परत बांधली की कुणाला कळणार पण नाही. आणि खरं सांगायचं तर मला नुसती भीती नव्हती. मला दाखवायचं पण होतं बेनना.

कपाळाच्या कडेनं आणि दोन्ही कानशिलांवर लावले. किती लावले ते मोजलं नाही. दुपारी कधीतरी सुई खाली ठेवली आणि बघितलं तर ते डोकं माझ्याकडे बघत होतं. काचेचे डोळे आधीपासून होते त्याला, पण आधी ते बघत नव्हतं. काका आले, हात पुसत उभे राहिले, मग म्हणाले, "अरे बापरे, हिला भूक लागलीय गं." बेन आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. पत्रा कापणाऱ्यांकडची दोन माणसं पण बघायला आली.

त्यानंतरचे चार दिवस मला नीट आठवतात पण सांगता येत नाहीत. घरी पोरगी टकली आणि शेडमध्ये ते डोकं केस घेऊन बसलेलं. मी दुसरं काम करताना त्याला पाठ करून बसले की मानेवर काहीतरी यायचं. मी वळायचे. एकदा मी कापड शिवता शिवता त्याला म्हटलं, "थांब हं, आले," आणि मग हातातली सुईच पडली माझ्या. त्याच दिवशी पोरीला ताप भरला. दाताचा ताप, डॉक्टरनी सांगितलं, दोन दात खालचे येत होते, आणि मी मान हलवली पण मला माहीत होतं कशाचा ताप. रोज मनात म्हणायचे, शूटिंग होऊ दे, केस काढून घेते, नर्मदेत जाऊ दे सगळं.

शूटिंग शेडमध्येच होतं. मुंबईहून डायरेक्टर आला, वयानं आमच्या नणंदेएवढाच असेल, हिंदीत बोलायचा आणि सगळ्यांना 'आप' म्हणायचा. डोकं मधे स्टँडवर ठेवलं, खाली मोठी ताटली. कॅमेरा पुढे घट्ट बांधला. आणि मग बेननी कपाटातून हीटगन काढल्या, रंग सुकवायला गरम हवा मारतो त्या, एक नाही, तीन.

मी काकांना विचारलं, "काका, हे कशाला? सुकलंय की सगळं."

"अगं वितळवायचीय ना तिला, माझ्या चिठ्ठीत होतं. त्यांच्या ग्रहावर सूर्य नाही, इथल्या उन्हात आली की वितळते. हळूहळू वितळवायचं, दर दोन सेकंदांनी फोटो, मग पळवायचं. उगाच का मेणाचं केलं? आत लाल मेण आहे, त्याच्या आत कवटी. माझी कवटी बघ, मस्त झालीय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं? बस, बस खाली."

मी बसले नाही. मी डोक्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "थांबा."

"क्या हुआ?" डायरेक्टर म्हणाला.

"बेन, ते केस माझ्या पोरीचे आहेत."

"तेमां शुं? त्यात काय?"

"जावळाचे आहेत बेन."

बेनना पहिल्यांदा शब्द कळला नाही, मग एकदम कळला. "बाबरीना वाळ?" त्यांच्या हातातली गन खाली आली. "गांडी छे तुं? वेडी आहेस? घरात सांगितलंस?" मी मान हलवली, नाही. डायरेक्टर म्हणाला की बाल तो बाल है मॅडम, आणि बेन त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, चाय पीजिए." आणि मला म्हणाल्या, "चहा होईपर्यंत. डोकं एकच आहे, चेहरा बिघडला तर दुसरा नाही. जा."

चिमट्यानं मेणातून केस ओढला की तुटतो. आधी अंगठ्यानं मेण शेकायचं, मग ओढायचा. मी अंगठा कपाळावर ठेवायचे, मेण कोमट व्हायचं, एकदम अंगासारखं, आणि मग एक केस यायचा. मी ते ओल्या रुमालावर ठेवत गेले. काकांनी माझं कोपर खालून धरून ठेवलं. ते चहा प्यायला गेले नाहीत. किती लावले हे मोजलं नव्हतं, म्हणून किती राहिले ते कळायला मार्गच नव्हता. काही तुटले, वरचा तुकडा हातात आला आणि मूळ आत. बेननी हाक मारली तेव्हा मला दिसत होते तेवढे सगळे काढले होते. डायरेक्टरनं वाकून बघितलं, कपाळ उघडं दिसत होतं, तो म्हणाला चलेगा, लाइट इतना है कि बाल दिखेंगे ही नहीं.

दिसणारच नव्हते. आधी पण दिसले नसते.

बेननी एक गन माझ्या हातात दिली. "डावी बाजू तू धर. कुठून नाजूक आहे ते तुलाच माहीत."

आणि मी धरली. हे मला कुणी बळजबरीनं करायला लावलं नाही. आधी गाल चमकला, मग भुवई खाली आली, मग डोळ्याखालचं मेण ओघळलं आणि आतलं लाल दिसायला लागलं. कॅमेरा टिक टिक करत होता. मी कानशिलावर गन धरून होते, आणि तिथे मेण सुटलं, आणि आतून एक केस वर आला. एकच. तो मेणाबरोबर गालावरून खाली यायला लागला, अगदी सावकाश. थांबा म्हटलं असतं तर थांबले असते. बेननी थांबवलं असतं, मला माहीत आहे. पण डोकं एकच होतं आणि अर्धं वितळलं होतं आणि सगळे श्वास धरून उभे होते आणि मी एकदा थांबवलं होतं. मी गन हलवली नाही. केस आकसला आणि नाहीसा झाला. वास आला, थोडासाच. मला एकटीलाच आला असेल.

मेण आम्ही फेकत नाही. ताटलीत पडतं ते परत वितळवून मलमलीतून गाळतात आणि पुढच्या डोक्याला वापरतात. त्या दिवशी गाळायचं काम मी मागून घेतलं. फडक्यावर कचरा राहिला त्यात तीन केस निघाले, बारीक, पोरीचेच. जळताना मी एकच बघितला होता. मग अजून किती होते, आणि किती गाळले गेले नाहीत, हे त्या पातेल्यात बघत उभी राहिले तरी मला कळेना. बेन पर्स खांद्याला लावून आल्या. "बधा नीकळी गया? सगळे निघाले?"

"हो बेन," म्हटलं.

रिक्षात रुमाल मुठीत धरून बसले होते. घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं, आई पोरीला खिडकीत घेऊन बसल्या होत्या, ताप उतरलेला, ती माझ्याकडे बघून हसली, दोन दातांनी. मी चप्पल न काढताच दारात उभी राहून सगळं सांगितलं. चिमूट घेतली ते, लावले ते, काढले ते. आणि तो एक जळाला ते पण सांगितलं, आणि मी गन हलवली नाही ते पण. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

मला वाटलं आई रडतील नाहीतर ओरडतील. आईंनी माझ्या हातातून रुमाल घेतला, उघडला, केस बघितले, परत घडी घातली. मीठ-मोहरीनं पोरीची दृष्ट काढली. मग तिला मांडीवर घेऊन बसल्या. मी हात पुढे केले तर म्हणाल्या, "हात धुऊन ये." मी धुऊन आले. त्यांनी पोरीला दूध पाजायला दिलं, आणि पाजून झाल्याबरोबर उठून माझ्या मांडीवरून परत उचलून घेतली.

मी मागितली नाही.