गाडीची डावी बाजू

मी घाबरट आहे, यावर आमच्या घरात कुणाचंही दुमत नाही. अवेळी फोन वाजला की तो उचलायच्या आधीच मी चप्पल शोधायला लागते. कुणाला घरी यायला जरा उशीर झाला की मी मनातल्या मनात दवाखान्यापर्यंत पोचलेली असते. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, एसटीत ड्रायव्हर होते. लहानपणी ते ड्युटीवरून येईपर्यंत मी उंबऱ्यात बसून राहायची. ते यायचे, मला टपली मारायचे आणि म्हणायचे, "आलो की गं जित्ता!" त्यामुळे ज्या दिवशी खरोखर घाबरायला हवं होतं, त्या दिवशी माझ्या भीतीला घरात काडीची किंमत नव्हती. मलाही ती नेहमीचीच वाटली.

निवृत्त झाल्यावर दादांनी एक जुनी गाडी घेतली. तेव्हा मी कॉलेजात होते. गाडीचा रंग गडद निळा. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात गडद रंगाची गाडी घेणं म्हणजे आपण होऊन डोक्याला ताप करून घेणं. बोअरचं पाणी इतकं जड की पत्र्यावर वाळलं की पांढरे डाग बसतात, आणि एकदा बसले की घासून घासून हात दुखतात तरी निघत नाहीत. म्हणून गाडी धुतली की पाणी वाळायच्या आत ती फडक्यानं पुसून कोरडी करायची. एकट्या माणसाला ते जमत नाही. बोनेट पुसून होईपर्यंत डिकीवर ठिपके उमटलेले असतात.

म्हणून आमच्यात वाटणी झाली. उजवी बाजू दादांची, डावी माझी. छताच्या मधोमध एक रेघ आहे असं धरायचं आणि तिच्यापलीकडे कुणी हात लावायचा नाही. एसटी मागे घेताना ड्रायव्हरला डावीकडचं नीट दिसत नाही, कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो, तेव्हा गाडी हलते. त्या न्यायानं डावीकडची मी म्हणजे त्यांची कंडक्टर. लग्न होऊन पुण्याला गेले तरी ही नोकरी काही सुटली नाही.

फडकी आजोबांच्या जुन्या धोतराची. मी एकदा पुण्याहून गाडी पुसायचं खास मऊ कापड आणलं होतं, त्याकडे दादांनी नुसतं बघितलं. ते आता आईच्या मिक्सरवर झाकलेलं असतं. आधी छत, मग काचा, बोनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी आरसा, हा दादांचा क्रम. आरशाच्या आत पाणी लपून बसतं आणि सगळं झालं असं वाटलं की हळूच खाली ओघळतं. म्हणून आरशाला शेवटी थाप मारायची आणि खालून फडकं फिरवायचं. मी मागे पडले की दादा हाळी द्यायचे, "तुझी बाजू राहिली की गं!" शेजारपाजारच्यांनाही ते वाक्य पाठ झालं होतं.

मागच्या हिवाळ्यात जामखेडला मावशीच्या मुलाचा साखरपुडा होता. मी आदल्या संध्याकाळी घरी आले. सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आले तर दादांनी गाडी धुतलेलीसुद्धा. उजवी बाजू लख्ख कोरडी होती आणि डावीकडून पाणी टपटपत होतं. छत मधोमधपासून अर्धं कोरडं, अर्धं ओलं. दादा फडकं पिळून तारेवर टाकत होते.

"झाली पुसून," ते म्हणाले.

मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांनी आले तरी माझा वाटा राखून ठेवलाय म्हणायचा. चहा पायरीवर ठेवला, ओढणी खोचली आणि कामाला लागले. छत झालं, काचा झाल्या, तेव्हा कुठे मला खटकलं की दादांनी हाळी दिली नव्हती. तुझी बाजू राहिली, असं ते म्हणालेच नव्हते. झाली, म्हणाले होते.

मागच्या दारावर आले तर फडक्याखाली खरखरलं. दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा होता आणि त्यात हिरवा रंग भरलेला होता. आमच्या फाटकाचा हिरवा. एसटी अख्ख्या नोकरीत कुठे घासू न दिलेल्या माणसानं स्वतःच्या दारातल्या फाटकाला गाडी घासली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच विचारलं.

"परवा बाजारातनं येताना लागली," आई म्हणाली. "त्यांला काय बोलू नको. चक्कर आल्ती त्या दिवशी. पित्त झालं हुतं. लिंबाचं सरबत दिलं, झोपले, उठले तर बरे हुते."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"झालं हिचं सुरू," आई म्हणाली आणि पोह्यांवर कोथिंबीर घातली.

दादांनी पोहे खाल्ले आणि ताटली सारली. ताटलीत डावीकडचे पोहे जसेच्या तसे होते. मधोमध रेघ ओढल्यासारखे. आई म्हणाली, "परवापासनं अन्न टाकायला लागलेत." मी त्या रेघेकडे बघत राहिले. सकाळी छतावर पाहिलेली रेघ ती हीच, असं मनात आलं. पण काय म्हणणार होते मी? की तुम्ही पोहे अर्धे ठेवले म्हणून आपण साखरपुड्याला जायचं नाही? मी एवढंच विचारलं, "दादा, मी चालवू का आज?" दोघंही हसले. मला गाडी दादांनीच शिकवली होती, पण गावाबाहेर ती मी कधी काढली नव्हती, हायवेवर तर नाहीच.

दादा चालवायला बसले, आई त्यांच्या शेजारी डावीकडे, मी मागे. गावातून सुप्याकडे जाणारा रस्ता अरुंद आहे. सुप्याला तो पुणे-नगर हायवेला मिळतो आणि तिथून पुढे नुसते कंटेनर. मी मागून दादांच्या मानेकडे बघत होते. मान थोडी उजवीकडे वळलेली होती. आधीपासूनच ती तशी असते का, ते मला आठवेना.

डाव्या कडेनं एक म्हातारी डोक्यावर घासाचा भारा घेऊन चालली होती. मला ती लांबूनच दिसली. आता दादा गाडी बाजूला घेतील, आता घेतील, असं मी म्हणत होते आणि गाडी सरळ तिच्याकडे चालली होती. मी ओरडायच्या आत आई किंचाळली, "अहो! अहो!" तिनं चक्क स्टिअरिंगला हात घातला. धप्पकन आवाज झाला. मी मागे वळून पाहिलं. भारा रस्त्यावर पसरला होता आणि म्हातारी जागेवर उभी राहून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. ती शिव्या देतेय हे ऐकून मला रडू आलं.

"काय झालं?" दादांनी विचारलं. "कोन हुतं?"

अगदी साधेपणानं विचारलं. त्यांना ती दिसलीच नव्हती. पुढे एक वळण होतं आणि वळणानंतर हायवे. थांबा म्हटलं तर ते थांबणार नाहीत, उलट चिडतील, हे मला ठाऊक होतं. डाव्या आरशाच्या खोबणीत घासाच्या काड्या अडकून फडफडत होत्या. त्या बघून मला सुचलं.

"दादा, आरशाला घास अडकलाय. पत्र्यावर घासतोय, ओरखडे पडतील."

दादांनी जागच्या जागी ब्रेक मारला. गाडीच्या अंगावरच्या ओरखड्यापुढे त्यांना जगात काही मोठं नाही. फडकं घेऊन ते उतरले आणि उजव्या आरशाला हात लावून म्हणाले, "कुठं हाय?"

"डावा आरसा, दादा."

ते गाडीच्या मागे गेले. डिकीशी उभं राहून त्यांनी गाडीकडे पाहिलं, मागच्या काचेवरून सवयीनं फडकं फिरवलं आणि मधोमध आल्यावर हात थांबवला. "न्हाई गं काय," ते म्हणाले. हिरव्या काड्या वाऱ्यानं हलत होत्या. मीही उतरले होते आणि त्यांच्या डाव्या हाताला उभी होते, इतकी जवळ की त्यांचा सदरा मला धरता आला असता.

"दादा, इकडं बघा. मी इथं आहे."

ते उजवीकडे वळले. आणखी वळले. तिकडे बाभळी होत्या आणि पडीक रान. त्या बाभळींकडे बघत ते म्हणाले, "कुठं हायस गं?"

मी आयुष्यभर हजार भित्या घेऊन जगले, पण त्या तीन शब्दांइतकी भीती मला कशाचीही वाटली नव्हती. ते पुन्हा म्हणाले, "कुठं गेलीस?" आणि या वेळी त्यांचा आवाज फाटला. दादांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काहीतरी निसटलंय हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी खिशातून चावी काढली आणि समोर धरली, ती मी जिथे नव्हते तिकडे. मी वळसा घालून त्यांच्या उजवीकडे गेले आणि चावी घेतली. आई पुढची जागा सोडून मागे जाऊन बसली होती.

नगरच्या दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवली. कशी चालवली ते विचारू नका. क्लच सोडला की गाडी गचके खायची. दादा शेजारी बसून सांगत होते, "उजवीकडनं कंटेनर येतोय, जाऊ दे त्याला. घाई करू नको. आता टाक चौथा." उजवीकडचं सगळं ते सांगत होते आणि सगळं बरोबर सांगत होते. डावीकडच्या दुचाक्या, हातगाड्या, रस्ता ओलांडायला थांबलेली माणसं, यांतलं एकही त्यांच्या तोंडून आलं नाही. मागे आई सारखं देवाचं नाव घेत होती. साखरपुड्याला नेण्याच्या पेढ्यांचा बॉक्स तिच्या मांडीवर तसाच होता.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. उजव्या मेंदूत गाठ अडकली होती, रक्ताची. त्या दिवशीची चक्कर म्हणजे तोच झटका होता, पित्त नव्हतंच. डोळे चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा मेंदू डावी बाजू हिशेबातच धरत नाही. सुधारेल का, विचारलं तर म्हणाले, काहींचं सुधारतं. दुसरा झटका येऊ शकतो का, हे मी विचारलं नव्हतं, ते त्यांनी आपण होऊन सांगितलं.

त्यानंतर मी दर शनिवारी गावी येऊ लागले. बस फाट्यावर पोचेपर्यंत फोन हातात घट्ट धरलेला असायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती की हाताला सवयीची कामं द्या आणि डावीकडचं त्यांचं त्यांना सापडू द्या, लगेच सांगू नका. मग रविवारी मी पाइपनं गाडी धुवायची आणि दादांच्या हातात फडकं द्यायचं. ते छत, काचा, बोनेट, दारं, शेवटी उजवा आरसा, सगळं क्रमानं पुसायचे. रेघेपर्यंत आले की थांबायचे आणि म्हणायचे, "झाली."

दर रविवारी "झाली." मी डाव्या बाजूला फडकं घेऊन उभी. ऊन चढायचं, थेंब आक्रसत जायचे. पुसायला हात शिवशिवायचे आणि मी पुसत नव्हते. आता बघतील, आता बघतील, म्हणून वाट पाहायची. दादा पायरीवर बसून चहा प्यायचे. कपाचा कान डावीकडे असला तर त्यांना तो सापडायचा नाही. डाव्या बाजूवर पांढरे डाग बसत गेले, एकावर एक. आई म्हणायची, पूस की गं, गाडीची पार रया गेली. आईला काय सांगणार? ती बाजू मीच पुसून टाकली तर त्यांना सापडायला तिथं उरणार काय, असं मला वाटायचं. रात्री झोप लागायची नाही.

होळी होऊन गेली होती तेव्हाचा एक रविवार. ऊन चटके देणारं. दादांनी उजवा आरसा थोपटला, खालून फडकं फिरवलं आणि फडकं पिळत मागे सरकले. मी नेहमीच्या जागी उभी होते. आता "झाली" म्हणतील आणि आजचाही रविवार जाईल, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर दादांची मान वळत होती. व्यायामाच्या मुलीनं शिकवल्यासारखी, हळू, अडखळत, जड दार ढकलावं तशी, डावीकडे. बोनेटवरून पुढच्या काचेवर, काचेवरून पलीकडच्या आरशावर, आणि मग माझ्यावर.

"तुझी बाजू राहिली की गं," ते म्हणाले. "आरशातनं पानी गळतंय."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मी ते उचललं, आरशाला थाप मारली, ती नीट बसली नाही, पुन्हा मारली. दादा माझ्याकडेच बघत होते. मग ते वळसा घालून माझ्या बाजूला आले, त्यांची नजर दारांवर गेली आणि कपाळावर आठ्या चढल्या.

"आन् हे डाग कवाचे?" ते ओरडले. "इतके दिवस इकडं कुनी बघितलंच न्हाई का?"