काळी इरकल आणि थेट प्रसारण

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून निघताना सूनबाई मानसी म्हणाली, "आई, मोठा म्युझिक फेस्टिवल आहे, छान काहीतरी नेसा." म्हणून मी काळी इरकल नेसले. चार तास ड्राइव्ह करून डोंगरात पोचलो, तर सगळे हाफ पँटमध्ये!

आमची 'लॉन सीट' होती (म्हणजे हिरवळीवर आपापली सतरंजी टाकून बसायचं). आजूबाजूला चीज आणि द्राक्षं, आमच्याकडे धपाटे आणि ठेचा. शेजारच्या आजोबांनी चमचाभर ठेचा खाल्ला आणि मग बराच वेळ ते आकाशाकडे बघत बसले.

युरोपातल्या एका रेडिओ केंद्राचा वाद्यवृंद आणि गायकवृंद येणार होता. कार्यक्रमाचं तिकडे थेट प्रसारण होतं. "आजी, नो टॉकिंग," नात इरानं बजावलं.

ठेच्याचे हात धुवायला नळ शोधत मी स्टेजमागे गेले. परत वळते तो समोर पायघोळ काळ्या कपड्यांतल्या बायकांची रांग. वॉकीटॉकीवाली एक मुलगी धावत आली आणि "देअर यू आर!" म्हणत तिनं माझ्या हातात काळी फाइल कोंबली.

"नो, नो, आय अ‍ॅम फ्रॉम सांगली!"

"लव्हली!" म्हणत तिनं मला रांगेत ढकललं. रांग निघाली ती थेट स्टेजवर.

शेजारच्या उंच बाईनं माझ्या साडीच्या काठांकडे पाहिलं. "न्यू?"

"व्हेरी," मी म्हणाले. बिचारीनं मला फाइलमधलं गाण्याचं पान काढून दिलं. गाणं सुरू झालं, मी नुसते ओठ हलवले. समोर हिरवळीवर माझा मुलगा निखिल मला शोधत उभा होता. इरानं स्टेजकडे बोट दाखवलं आणि तो मटकन खाली बसला.

आवाज चढत गेले, चढत गेले आणि सगळे गळे एका सुरावर येऊन थबकले. चिडीचूप. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरले आणि तोंडातून निघून गेलं, "वाऽऽ! क्या बात है!"

युरोपभर गेलं ते. वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरसाहेबांचे हात हवेतच राहिले. मी फाइल काखेत धरून नमस्कार केला. त्यांनी ओठ घट्ट दाबले, हात खाली आणले आणि गाणं पुढे सुरू झालं.

कार्यक्रमानंतर ते मला शोधत आले. मी काय म्हणाले ते निखिलनं लाजत समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मला हे मध्येच कुणी सांगत नाही. सगळे शेवटपर्यंत थांबतात."

परतीच्या वाटेवर मी त्याचाच विचार करत होते. शेवटी टाळ्या वाजतात तोवर गाण्यातली ती जागा कधीच मागे गेलेली असते. गाणाऱ्याला कळणार कसं, नेमकं काय आवडलं ते?

"आजी, कॅन आय से दॅट अ‍ॅट माय स्कूल कॉन्सर्ट?" इरानं विचारलं.

"खुशाल म्हण."

"नाही!" पुढच्या सीटवरून निखिल आणि मानसी ओरडले, अगदी एका सुरात.