रिकाम्या घरातली पालथी भांडी

ते घर मी अजून विसरलेलो नाही. त्या घरातून मी ज्या वेगानं बाहेर आलो, तो वेग माझे सहकारीही विसरलेले नाहीत.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. कोयनानगरच्या बाजूला एका ठाण्यावर माझी नेमणूक होती. मी वडूजकडचा, कोरड्या मुलखातला. माझा हवालदारही तिकडचाच. एका सकाळी जमिनी-घरांचे व्यवहार जुळवणारा एक दलाल ठाण्यात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, एका घरावर कुणीतरी करणी करतंय. गिऱ्हाईक पळायला लागलंय."

घराचा मालक कुपवाडला एका कारखान्यात कामाला होता. आई वारल्यावर त्यानं इथलं घर विकायला काढलं होतं. सामान हलवलं, भिंतींना लांबी भरली, वरून फिकट पिवळा रंग दिला. घेणारं जोडपं शिक्षकी पेशातलं होतं आणि त्यांचं मूल अजून पाळण्यात होतं. खरेदीखताचा दिवसही ठरला होता. पण घर बघायला आले की मागच्या खोलीत, भिंतीला लागून, तीच मांडणी दिसायची: पालथा तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र, त्यावर एक वाटी. दलालानं ती तीनदा उचलून बाहेर ठेवली. तीनही वेळा ती परत आली, चिंचेनं घासल्यासारखी लखलखीत. कुलूप शाबूत होतं.

मी जागेचा पंचनामा केला. रंगाचा वास, उघड्या फरशा आणि मध्येच ती तीन भांडी. खोलीत शिरताच मालक, दलाल, पंच सगळे कुजबुजत बोलू लागले. मीही कुजबुजत होतो, हे नंतर हवालदारानं सांगितलं. पंचनाम्यात मी लिहिलं, 'प्रयोजन अज्ञात'.

मग माझ्यातला तपास अधिकारी जागा झाला. शेजारच्या वाडीतल्या एका देवऋषीला मी चौकशीला बोलावलं, जादूटोणाविरोधी कायद्याचं पुस्तक त्याच्यासमोर आपटलं आणि दुपारपर्यंत त्याला प्रश्न विचारले. तो माणूस शांतपणे म्हणाला, "आवं साहेब, करणी असती तर लिंबू असतं, बिब्बा असता. ही तर मोरीवरची भांडी हायती. मला कशाला बसवलंय?"

"मग कुणी ठेवली?"

"जी बाई भांडी घासती, तिनं."

मला तो उद्धटपणा वाटला. आणखी तासभर बसवला. मालक तेव्हा ठाण्यातच होता. त्यानं मला चहा आणून दिला आणि मान डोलावत म्हणाला, "तुमीच बघा साहेब आता. हे घर न्हाई गेलं तर कुपवाडचं ठरवलेलं घर बी हातचं जातंय."

दुसऱ्या दिवशी मी सापळा लावला. दुपारी तीनच्या सुमाराला हवालदाराला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मोठ्या ऐटीत मी स्वतः मागच्या खोलीत एका गोणपाटावर बसलो. मांडणी समोर होती. अर्धा तास काहीच हललं नाही. बाहेर कुत्री भुंकत होती ती एकदम गप्प झाली. मग वाटी वाजू लागली.

तिला कुणी हात लावला नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत ती फुलपात्रावर दातांसारखी कटकटली, घसरली आणि सगळी उतरंड फरशीवर कोसळली. त्या मोकळ्या खोलीत जो आवाज झाला, तो अजून कानात आहे. टोपी तिथंच राहिली. हवालदार माझ्या पुढं पळत होता, एवढंच समाधान.

बाहेर आलो तर सारी आळी रस्त्यावर. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या काखेत पोर. भूकंपाचा धक्का येऊन गेला होता, या भागाला सवयीचा. समोरच्या घरातली सत्तरीची म्हातारी मला निरखून म्हणाली, "भांडी पडली म्हनून भाईर आलासा न्हवं?"

"होय."

"मग झालं तर. त्येच्यासाठीच ठेवली व्हती."

सदुसष्ट सालच्या मोठ्या भूकंपानंतर या भागातले जुने लोक निजायच्या खोलीत अशी उतरंड रचायचे. जमीन हलली की भांडी आधी पडतात, माणूस जागा होतो. नव्या पोरांनी ते सोडून दिलं. म्हातारीकडे मालकाच्या आईनं दिवा लावायला दिलेली दुसरी किल्ली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"पोराचा सौदा मोडायचा न्हवता, साहेब. पर त्या भिताडाखाली पाळना बांधनार म्हनत व्हती ती बाई. माझी धाकली भन मोठ्या भूकंपात तशाच भिताडाखाली गाडली गेली. मग मी गप कशी ऱ्हाऊ?"

मी परत आत गेलो. पिवळ्या रंगाची खपली खाली पडली होती आणि भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग उघडी झाली होती. त्यात माझी बोटं गेली.

मालकाला बोलावून त्याचा जबाब मी तिथंच घेतला. तो भिंतीकडं बघत नव्हता. "आई बी तशीच मांडायची. बघितल्याबरोबर वळखलं मी," तो म्हणाला. "पर भांड्याचं सांगितलं असतं, तर भिताडाचं बी सांगायला लागलं असतं."

म्हणजे मी देवऋषीला झापत असताना उत्तर माझ्या शेजारी चहा घेऊन उभं होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पळणाऱ्यांवर नजर ठेवायला शिकलो. आपल्या म्हणण्याला मान डोलावणाऱ्याकडं बघायचं राहून गेलं. देवऋषीची माफी मागायला गेलो, तर त्यानं मलाच अंगारा लावला. मी लावून घेतला.

गुन्हा नोंदवण्यासारखं काही उरलं नव्हतं. जोडप्याला मी ती भेग स्वतः दाखवली. घर त्यांना हवंच होतं, पण भिंत पायापासून उतरवून नवी बांधल्यावरच. त्यात चार महिने गेले आणि मालकाचं कुपवाडचं घर दुसऱ्यानं घेतलं.

खरेदीखताच्या दिवशी मी निबंधक कार्यालयात मुद्दाम गेलो. फोटो झाले, अंगठे झाले. शेवटच्या सहीआधी त्या बाईनं पेन हातात धरून मालकाला विचारलं, "दादा, आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली. "पूर्वेच्या खिडकीतनं पावसाचं पानी आत येतंय," तो म्हणाला. "मोरीची फरशी निसरडी हाय. माळ्याचं एक लाकूड किडलंय..."

मागची रांग कुरकुरू लागली. कारकून घड्याळाकडं बघत होता. बाईनं पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिली. तो सांगतच होता.