पाय बरो आसा

आमच्याकडे कुणी 'कसो आसा?' विचारलं की 'बरो आसा' म्हणायचं. अंगात ताप असो की घरात चोरी झालेली असो, उत्तर तेच. आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात ओतू नये, असा संस्कार. या संस्कारानेच माझी खुर्ची घालवली.

मी खाणीवर ट्रक चालवायचो. ट्रकाचा मागचा लोखंडी फाळका पडून डावं पाऊल चिरडलं. हाडं जुळली, पण घोटा लाकडासारखा झाला. थोडा वेळ उभा राहिलो की पाय भोपळ्यासारखा सुजतो. मग आमच्या सर्वण गावातून डिचोलीला खेपा सुरू झाल्या. तिथे अपंगांना नोकरी शोधून देणारं केंद्र आहे. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला बाय म्हणायचो, ती मला काका. तिने मोपाच्या विमानतळावर एका ठेकेदाराकडे काम शोधलं. पार्किंगच्या केबिनमध्ये बसून पावत्या द्यायच्या. बसून. हा एक शब्द मी घरी इतक्या वेळा सांगितला की बायको म्हणाली, "कळला, आता जेवा."

मुलाखतीला ठेकेदाराचा माणूस इथलाच, पेडण्याचा निघाला आणि तिथेच घात झाला. बाहेरचा असता तर हिंदीत विचारलं असतं, मीही हिंदीत रडलो असतो. हा आपुलकीने म्हणाला, "काका, पाय कसो आसा आता?"

"बरो आसा. देवाची कृपा."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी उठून त्याच्या टेबलाभोवती एक फेरीही मारून दाखवली, नवरदेवासारखी.

"बरां झालां," तो खूश होऊन म्हणाला. "त्या बायन फोनार माका उगीच घाबरवलेला."

केबिनमधली खुर्ची दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. मला ट्रॉल्या गोळा करायचं काम दिलं. आठवडाही निघाला नाही. सुजलेल्या पायात चप्पल जाईना, तेव्हा ती हातात घेऊन घरी आलो.

बायने कपाळाला हात लावला. "काका, तुमी 'बरो आसा' म्हणालात?"

"मगे काय, पयल्यांदा भेटलेल्या माणसाक रडगाणां सांगू?"

"होय. रडगाणांच सांगायचां. आता मी मालक. पाय कसो आसा?"

"बरो..."

"काका."

"वायट."

असा आमचा सराव चालायचा. पुढे तुये गावातल्या एका कारखान्यात टेबलावर बसून खोकी चिकटवायचं काम निघालं. मॅनेजरने पायाचं विचारताच मी सुरू झालो. पाय वायट आसा, खूप वायट. उबो रवाक जमना नाय, रात्री झोप नाय, पावसात तर विचारूच नका. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्याच्या टेबलावर ओतलं. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं. डोळे खरोखरच पाणावले होते त्याचे.

"मगे कित्याक त्रास घेतात काका? घरी रवा," तो म्हणाला.

बसवा, दिवसभर राबेन. उभा कराल तर दुपारपर्यंत संपेन. खरं उत्तर हे होतं. पण ते कुठल्या प्रश्नाला द्यायचं, हे मला अजून कळलेलं नाही. परतताना बसमध्ये बायला सांगायची वाक्यं जुळवत होतो, तीही जुळेनात.

हल्ली बाय कामासाठी फोन करत नाही. गेल्या महिन्यात केला तो उमेदवारांच्या शिबिरासाठी. मुलाखतीत कसं बोलावं, यावर मी अनुभव सांगावा, असं तिचं म्हणणं. जेवण होतं, म्हणून गेलो. टेबलाभोवतीची फेरी साभिनय केली, खोक्यांच्या मॅनेजरचे पाणावलेले डोळेही करून दाखवले. आंधळा, बहिरा, पांगळा, सगळे पोट धरून हसले. बहिऱ्यांना बाय खुणांनी सांगत होती, ते जरा मागाहून हसले. जेवताना एकजण माझ्या शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "काका, त्या खोक्यांच्या कामार कोणाक घेतलां? माका बसान काम जमता."

मला मॅनेजरसमोर न सुचलेलं उत्तर त्याने सहज दिलं होतं. मी म्हटलं, "विचारून बघ." त्याच्याकडे बघायचं मात्र टाळलं.