मास्तर आणि रात्रपाळीचा नियम

मास्तरांचे अर्धे आयुष्य शिलाई मशीनवर गेले. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवले, तेव्हा उरलेल्या अर्ध्यासाठी हा सज्जन मनुष्य कोडिंगच्या वर्गात विशीतल्या पोरापोरींच्या शेजारी जाऊन बसला. केवढे धैर्य! ते देवानेच दिले, आणि ते किती पक्के आहे हेही देवानेच तपासून पाहिले.

वर्गात त्यांच्या वयाची आणखी एकच व्यक्ती होती. पाठ धरली म्हणून इस्पितळ सोडलेली नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत. दोघांची जोडी जमली. एका कीबोर्डवर दोघांनी काम करायचे, एकाने लिहायचे, दुसऱ्याने पाहायचे, ही तिथली रीत होती. शिकवणारे सर हसून म्हणत, "कोड कुणाच्या बापाचा नसतो. उचला आणि पुढे चला!" वर्ग खदखदून हसे. मास्तरांनीही हसून घेतले, आणि ते वाक्य मनात जपून ठेवले.

वर्ग संपला. अर्जांना कुणी उत्तरही देईना. शेवटी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीने दोघांनाही परीक्षा म्हणून घरी करायला एकच काम दिले. नर्सच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम लिहायचा. जागा एकच होती.

मास्तरांचा प्रोग्रॅम अडला. एकाच दिवशी दोघी रजेवर गेल्या, की तो जागच्या जागी गोठायचा. त्यांनी फोन केला. "सिस्टर, जरा तुमचं बघू का? माझं कुठं चुकतंय ते तरी कळेल."

"बघा की! अजून कच्चं आहे हं, हसू नका," म्हणत तिने सगळे पाठवून दिले.

मास्तरांनी पाहिले, समजून घेतले आणि बंद केले. मग पुन्हा उघडले. जुन्या सदऱ्याची बटणे बदलावीत तशी प्रोग्रॅममधली चार नावे बदलली, आणि त्याच दुपारी ते आपले म्हणून कंपनीला धाडून दिले. सिस्टर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या कामावरून हात फिरवत राहिली.

मुलाखतीला बोलावणे आले मास्तरांना. विभागाच्या प्रमुख बाई भलत्याच खूश होत्या. "रात्रपाळी करून घरी गेलेल्या नर्सला लगेच सकाळची पाळी लागू नये, हा नियम आम्ही मागितलाही नव्हता. तुम्हाला कसा सुचला?"

"माझी मेहुणी नर्स आहे," मास्तर म्हणाले. त्यांना मेहुणीच नव्हती.

"छान! तुमच्यानंतर आणखी एकीचं काम आलं. हाच नियम, असाच लिहिलेला. सरळ सरळ ढापलेलं. बाद केलं आम्ही."

अरे मास्तर, बोल! एक शब्द बोल! पण मास्तरांनी नुसती मान डोलावली. जागा त्यांना मिळाली.

"अहो, लागली ना? मोठ्यानं सांगा की!" बायको दारातच म्हणाली. "आता जगाच्या पँटी आखूड करणं बंद!" आणि ती चपला सरकवून शेजारीपाजारी सांगत सुटली.

तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर होती. "मास्तर, तुमचं झालं म्हणे. माझं नाही झालं. कॉपी केली म्हणाले."

"मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"मी केली नाही, एवढंच. कुणी केली ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुमच्या घरात मुलं आहेत."

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मास्तर तरले असते! त्या दयेने माणूस आतून सोलून निघाला. देवा, तुझ्या दरबारात पापाला शिक्षा असेल, पण अशा मायेपुढे पाप्याने उभे तरी कसे राहावे?

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच ते प्रमुख बाईंसमोर उभे राहिले आणि सगळे सांगितले. बाईंनी विचारले, "हे काल का नाही सांगितलंत?"

"काल नोकरी मोठी वाटली, बाई."

"तुमची निवड रद्द. त्यांना मी बोलावून घेते."

जिन्यातूनच मास्तरांनी सिस्टरला कळवले. ती म्हणाली, "बरं केलंत. पण माफ केलं, असं आत्ता म्हणायला लावू नका. फार राग आलाय मला."

"येऊ द्या," मास्तर म्हणाले.

घरी ऐकून बायको म्हणाली, "सगळीकडे सांगून आले मी! आता कुठल्या तोंडानं बाहेर पडू?"

"तू नको. मी सांगतो."

शेजारच्या काकूंनी दार उघडले. "अरे वा, साहेब! या, या!"

"साहेब नाही, काकू. नोकरी गेली. दुसरीचं काम माझं म्हणून दाखवलं होतं मी."

काकूंचे हसू तसेच थिजले. मग त्या बाजूला होत हळूच म्हणाल्या, "आत तर या."

मास्तरांना तो उंबरा ओलांडवेना. "अजून वरच्या मजल्यावर सांगायचंय," म्हणून ते जिन्याकडे वळले.